हिरवं बटण सोडलं की मोटर बंद पडते: डीओएल स्टार्टरचं वायरिंग कुठे चुकलं?

तुम्ही लिहिलंय की कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) ५ एचपी थ्री-फेज पंपाला सुटा कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की आत ओढला जाऊन मोटरचे फेज जोडणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (मोटर जास्त अँपियर खाऊ लागली की ती तोडणारा) आणून डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणारा, स्टार्टर जोडला, बटणं घराच्या पडवीत नेली, आणि आता हिरवं बटण दाबून धराल तोवरच मोटर चालते.

पडवीपर्यंत दोन कोरची केबल ओढलीय का? माझा पहिला संशय तिच्यावर. इथे गोव्यात फोंड्याकडे कुळागरांत पंप लांब आणि घर लांब, मग घरात उरलेली दोन कोरची केबल वापरून टाकतात. दोन तारांवर मोटर सुरू होते, टिकत नाही. तीन लागतात.

कंट्रोलची वाट अशी (आकडे म्हणजे रिले-कॉन्टॅक्टरवर छापलेले स्क्रूंचे नंबर): एका फेजवरून छोट्या फ्यूजमधून रिलेच्या ९५ला, ९६वरून लाल बटणात, लालमधून हिरव्यात, हिरव्यातून कॉइलच्या ए१ला. ए२ कुठे जाणार ते कॉइलवर वाचा. ४१५ असेल तर दुसऱ्या फेजला, २३० असेल तर न्यूट्रलला. २३०ची कॉइल दोन फेजमध्ये घातली की जळालीच समजा. आता राहिला होल्डिंगचा, म्हणजे बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा, कॉन्टॅक्ट: कॉन्टॅक्टरचा १३ नंबर लाल-हिरव्याच्या मधल्या जोडाला आणि १४ ए१ला. कॉन्टॅक्टर ओढला गेला की हाच कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाची जागा घेतो. मधल्या जोडावरून १३ला येणारी तार हीच तुमची तिसरी तार.

केबल तीन कोरचीच निघाली, तर १३-१४ऐवजी २१-२२ (कॉन्टॅक्टर सुटलेला असताना जोडलेला, ओढला की तुटणारा कॉन्टॅक्ट) वापरलेत का बघा. पण तसं असतं तर मेन टाकताच कॉन्टॅक्टर खडखडायला लागला असता, म्हणून ती शक्यता कमी वाटते. मेन बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, टेस्टरने खात्री करा. मग १३-१४च्या तारा सोडवून तिथे मल्टिमीटर बीपवर लावा आणि कॉन्टॅक्टर स्क्रूड्रायव्हरने आत दाबा. मल्टिमीटर वाजला पाहिजे, सोडल्यावर गप्प.

'लाइट आली की आपोआप सुरू होऊ दे' म्हणून हिरव्या बटणावर कायमची तार मारू नका. मग लाल बटण दाबून धराल तेवढाच वेळ मोटर थांबेल, सोडलं की पुन्हा सुरू.

रिलेची चकती मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपियरवर लावा. ५ एचपीला ते साधारण ७-७.५ असतात. ट्रिप होतोय म्हणून चकती पुढे सरकवणं म्हणजे वाइंडिंग जाळायची तयारी. पावसात फांदी पडून एकच फेज जातो, आणि तो नेमका कॉइलचा नसला तर कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो, मोटर दोन फेजवर घुमत बसते. रिलेने तेव्हा ट्रिप व्हायला हवं, पण मी तरी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) लावल्याशिवाय कुळागरातलं काम सोडत नाही. पेटीला आणि मोटरच्या बॉडीला अर्थिंग हवंच, तिथली जमीन बारा महिने ओली.

सगळं जमूनही पाणी कमी येत असेल तर मोटर उलटी फिरतेय का बघा. फिरत असेल तर मेन बंद करून मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा.