नदीकाठची वावरं: खचणारा काठ आणि चढलेली रेती

प्रश्न (मौदा तालुका): कन्हानच्या वळणावर वावर आहे. दरवर्षी धुऱ्यासकट दोन-चार तास (नांगराच्या ओळी) जमीन नदीत जाते आणि समोरच्या काठाला रेती चढते. दगडी भिंत बांधू का?

उत्तर: भाऊ, एकट्याने भिंत बांधू नका. आधी काठ पडतो कसा ते पाहा. वळणावर पाण्याची धार बाहेरच्या काठाला धडकते. तिथे वेग जास्त, डोहही तिथेच. तळाचे पाणी मात्र आतल्या बाजूला वळते आणि सोबत रेती नेते, म्हणून समोर रेती साचते. तुमची माती समोरच्याच्या वावरात जाते, हा समज बहुतेक वेळा खरा नसतो. ती खालच्या अंगाला, बरेचदा तुमच्याच बाजूच्या पुढच्या वळणाच्या आत जाऊन बसते. तेव्हा समोरच्याशी भांडण नको.

आपल्याकडे काठाला वर काळी चिकणमाती आणि खाली रेतीचा थर अशी रचना बऱ्याच ठिकाणी दिसते. चिकणमाती सहज सुटत नाही, रेती लगेच सुटते. धार खालची रेती उपसते, वरची काळी अधांतरी राहते आणि ढेपाच्या ढेपा कोसळतात. त्यातही पूर चढताना काठाला पाण्याचा आधार असतो. तो झरझर उतरला की आधार जातो, पण काठ आतून ओलाचिंब आणि जड असतो. म्हणून खरी पडझड पूर ओसरल्यावर होते. 2020 च्या ऑगस्टअखेर पेंच-कन्हानला आलेला महापूर आठवत असेल. तोतलाडोहसारख्या धरणात गाळ अडतो. खाली सुटलेल्या पाण्यात गाळ कमी असतो, त्यामुळे ते पात्रातली रेती आणि काठ उचलायला मोकळे असते.

पूर उतरल्यावर काठाला समांतर भेग दिसली, तर तिच्या नदीकडच्या बाजूला ट्रॅक्टर, बैलजोडी, माणूस काहीच नेऊ नका. वावरातले पावसाचे पाणी काठावरून पडू न देता आतल्या बाजूने चर काढून एका जागी, दगड लावून उतरवा. काठालगतचा पट्टा नांगरू नका, त्याला मोकाट ओलीतही देऊ नका. तिथे वाळा, निर्गुडी आणि थोडे आत बांबू, करंज लावा. अगदी कडेवर मोठे झाड नको, ते कोसळताना काठ घेऊनच जाते.

दगड घालायचेच तर काठाच्या पायथ्याशी, जाळीत बांधून आणि अख्ख्या वळणावर. तुम्ही एकट्याने केले तर धार शेजाऱ्याच्या काठावर सरकते. म्हणून सगळ्या काठकऱ्यांनी मिळून ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा आणि पाटबंधारे विभागाकडे जावे. जवळपास रेतीचा उपसा होत असेल तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. पात्रातला खड्डा वरच्या अंगाला सरकत जातो, तळ खोल होतो आणि पायथा उघडा पडतो. माझ्या मते काठ खचण्याच्या निम्म्या तक्रारींची सुरुवात इथेच असते.

प्रश्न (पारशिवनी तालुका): पुराने अर्ध्या वावरात रेती, अर्ध्यात मऊ गाळ आणला. काढावे की ठेवावे? काठाला संत्र्याची झाडेही आहेत.

उत्तर: पाणी काठाबाहेर पसरले की वेग मरतो. मग उफणणीत दाणा जवळ आणि भुसा लांब पडावा तशी जाड रेती काठाजवळ पडते आणि बारीक मळई आत जाते. मळई पातळ असेल तर ठेवा. वाफसा आल्यावर वखर मारा, नाहीतर पापुद्रा धरेल. दोन-तीन इंच रेती खोल नांगरटीने काळ्या मातीत मिसळता येते. त्याहून जाड असेल तर काढणे बरे, किंवा पाण्याची सोय असल्यास उन्हाळी टरबूज-डांगर घ्या.

पण काहीही हलवण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. 2022-23 ते 2025-26 या काळाच्या आपत्ती निकषांत 3 इंचांपेक्षा जास्त गाळ-रेती साचल्यास अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी 18,000 रुपये आणि नदीने प्रवाह बदलल्याने जमीन गेल्यास हेक्टरी 47,000 रुपये धरले होते. आजचा दर तहसीलमध्ये विचारा. रेती विकायला महसूल खात्याची परवानगी लागते.

संत्र्याला थांबू नका. फोटो काढून पंचनाम्याआधीच खोडाभोवतीचा गाळ काढा. कलमाचा डोळा गाळात राहिला तर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. साचलेले पाणी चर खोदून बाहेर काढा आणि खोड वाळल्यावर मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावा.

प्रश्न (काटोल तालुका): वावरातला नाला दरवर्षी खोल होतो. बुजवून टाकू का?

उत्तर: बुजवू नका, पुढच्या पावसात तो शेजारून नवा फुटेल. वरच्या टोकापासून खाली टप्प्याटप्प्याने अनगड दगडांचे छोटे बांध घाला. बांधाचा मध्य बाजूंपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी मधूनच पडेल आणि काठ कोरणार नाही. बांधामागे गाळ भरला की त्यावर गवत लावा.