छोटे उदारमतवादी पक्ष एकत्र आले तर खरंच ताकद वाढते का?

तुम्ही विचारलंय की छोटे छोटे लिबरल विरोधी पक्ष विलीन करून नवा पक्ष काढला तर काही होतं का, की नुसती पाटी बदलते. माझ्या मते होतं, पण जागांची बेरीज करून नाही. दक्षिण आफ्रिकेचं बघा, मी नोकरीनिमित्त दोन वर्षं तिकडे होतो तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागलाय.

तिथल्या गोऱ्यांच्या संसदेत प्रोग्रेसिव्ह पार्टीच्या हेलन सुझमन १९६१ ते १९७४ पक्षाच्या एकट्या खासदार होत्या, तेरा वर्षं एकट्या बाई वर्णभेदाविरुद्ध भांडत होत्या! मग १९७५ ला हॅरी श्वार्झचा रिफॉर्म पक्ष येऊन मिळाला, १९७७ ला फुटलेल्या युनायटेड पार्टीतले काहीजण आले, नाव झालं पीएफपी (प्रोग्रेसिव्ह फेडरल पार्टी) आणि १७ जागांवर हे अधिकृत विरोधी पक्ष झाले.

खरी गंमत १९८९ ची. डेनिस वोरल हे सरकारचं लंडनमधलं राजदूतपद सोडून आलेले आणि १९८७ ला एका बड्या मंत्र्यासमोर फक्त ३९ मतांनी पडलेले, विनँड मलान सत्ताधारी नॅशनल पार्टी सोडून अपक्ष निवडून आलेले, या दोघांचे चिमुकले पक्ष अन् जुना पीएफपी मिळून डेमोक्रॅटिक पार्टी झाली. नेते किती, तर एकाच वेळी तीन! हसू येतं, पण त्याच सप्टेंबरातल्या निवडणुकीत पीएफपीच्या १९ जागांच्या जागी ३३ आल्या. मला वाटतं सरकारला कंटाळलेल्या पण जुन्या पाटीला मत द्यायला बिचकणाऱ्या लोकांना आपल्यातलेच दोन चेहरे तिथे दिसले, म्हणून ते आले.

१९९४ ला सगळ्यांना मताचा हक्क मिळाला आणि हीच डेमोक्रॅटिक पार्टी ४०० पैकी ७ जागांवर आली. १९९९ ला पक्षाचे नेते टोनी लिऑननी कुणाला सोबत न घेता ३८ केले. मग २००० मध्ये वर्णभेदवाल्या नॅशनल पार्टीचाच वारस असलेल्या न्यू नॅशनल पार्टीबरोबर डेमोक्रॅटिक अलायन्स काढली, सुझमनबाईंनी ज्यांच्याशी जन्म घालवला भांडण्यात तेच शेजारी! पुढच्याच वर्षी न्यू नॅशनलवाले रुसून सत्ताधारी एएनसीकडे (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) गेले. पण मतदार काही त्यांच्यामागे गेला नाही, २००४ ला अलायन्सला ५० आणि १९९९ ला २८ जागा असलेल्या त्या पक्षाला फक्त ७. शेवटी तो पक्ष गुंडाळून मंडेलांच्या एएनसीतच विरला, आता बोला.