फ्लॅटमध्ये मावेल आणि रात्री वाजवता येईल असं पियानोच्या आधीच्या काळातलं कीबोर्ड वाद्य कोणतं?

क्लॅव्हिकॉर्ड, बिनधास्त. व्हर्जिनल आणि स्पिनेटही घरगुतीच, पण त्यांत तार छेडली जाते. आवाज खणखणीत येतो आणि बोट हळू दाबा की जोरात, फरक जवळपास पडत नाही.

क्लॅव्हिकॉर्डची पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाची पितळी पात तारेला जाऊन भिडते आणि बोट उचलेपर्यंत तिथेच टेकून राहते. म्हणजे वाजणाऱ्या सुरावर तुमचा ताबा शेवटपर्यंत असतो. बोटाचा दाब किंचित कमीजास्त केला की सूर डोलतो. हार्मोनियमवर आंदोलन घेता येत नाही ही आपली जुनी खंत. इथे ते चक्क पट्टीवर मिळतं! बोट उचललं की तारांत डाव्या बाजूला विणलेली कापडी पट्टी आवाज लगेच थांबवते.

आवाज इतका हळू, की शेजारच्या खोलीतसुद्धा जेमतेम पोहोचतो. तरी जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमान्युएल बाख यांनी १७५३ च्या आपल्या वादनविषयक ग्रंथात वादकाची खरी पारख याच वाद्यावर होते असं म्हटलंय, आणि ते मला शंभर टक्के पटतं.

घेताना 'फ्रेटेड' प्रकार बघा. त्यात एकाच तारजोडीवर शेजारच्या दोन-तीन पट्ट्या वाजतात, त्यामुळे तारा कमी आणि वाद्य टेबलावर मावेल एवढं. सूर मात्र स्वतः लावायला शिका, पावसाळ्यात ते वरचेवर करावं लागेल.