दाजींनी प्लाझ्मा दिला असता तर…

“दाजींनी प्लाझ्मा दिला असता तर अण्णा आज असते, मॅडम.”

चाळिशीतले हे गृहस्थ बायकोच्या आग्रहाने माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वडील 2021च्या एप्रिलमध्ये गेले. कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे प्रतिपिंडं असलेला द्रव भाग, तेव्हा रुग्णांना देत. दाजींना कोविड होऊन गेलेला, रक्तगट जुळणारा. पण अशक्तपणाच्या भीतीने ते नाही म्हणाले. तेव्हापासून ताईकडे जाणं-येणं बंद. असा एखादा ‘तर’ मनात धरून बसलेले लोक अजूनही येतात. कुणाचा प्लाझ्माचा, कुणाचा रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनचा.

“झालं ते झालं” हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी विचारलं, प्लाझ्माचा खरंच उपयोग होत होता का, ते एकदा बघूया? शोकात आकडे कशाला, असं काही सहकारी म्हणतात. पण राग एखाद्या वैद्यकीय समजुतीवरच उभा असेल, तर तिला हात घालावाच लागतो.

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020मध्ये देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली. प्लाझ्मा कुणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. 28 दिवसांत आजार बळावलेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्मा घेतलेल्यांत 19 टक्के, न घेतलेल्यांत 18. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत साडेअकरा हजार रुग्ण होते. मृत्यू दोन्ही गटांत 24 टक्के. मे 2021मध्ये आपल्याकडच्या उपचारसूचनांतून प्लाझ्मा काढून टाकला गेला.

ते गप्प झाले, मग उसळले. “मग आम्हाला रात्र रात्र पळवलं कशाला?” राग रास्त होता. आपल्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर 2020मध्येच छापून आले होते.

पुढच्या वेळी ते अण्णांची फाइल घेऊन आले. मी डॉक्टर नाही, म्हणून ओळखीच्या एका फिजिशियनना सोबत बसवलं. त्यांनी औषधांच्या तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: डेक्सामेथासोन, रोज 6 मिलिग्रॅम. ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू या स्वस्त स्टिरॉइडने कमी होतात, हे जून 2020मध्येच ‘रिकव्हरी’तून समोर आलं होतं. त्यासाठी कुणाला धावपळ करावी लागली नव्हती, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

“म्हणजे उपयोगाचं औषध त्यांना मिळालं होतं?”

मिळालं होतं. मात्र चाचणी शेकडो रुग्णांचं मिळून सांगते, एकट्या अण्णांचं काय झालं असतं ते ती सांगू शकत नाही, हेही मी सांगितलं. खोटा दिलासा फार दिवस पुरत नाही.

“पण दाजी नाही म्हणाले ते म्हणालेच ना?”

म्हणालेच. त्यावर पुढे बरंच बोलणं झालं. अण्णांच्या मृत्यूचा हिशेब त्यातून वजा केल्यावर दाजींशी असलेलं भांडण बरंच जुनं निघालं, थेट ताईच्या लग्नातल्या मानपानापर्यंत जाणारं.