लाखाची पर्स बनवणाऱ्या कंपन्या पर्यावरणाचं नुकसान कसं आवरतात?

विमाननगरच्या मॉलमधली चकचकीत दुकानं बघून हा प्रश्न पडला असेल, तर तिथले एलईडी दिवे आणि कागदी पिशव्या आधी विसरा. तो किरकोळ भाग झाला. खरा भार कच्च्या मालात असतो: कातडं, लोकर, सोनं. गुच्चीची मालक कंपनी केरिंग या नुकसानाला चक्क युरोत किंमत लावते. तसा पहिला हिशेब तेव्हा याच समूहात असलेल्या प्युमा या बूट-कपड्यांच्या कंपनीने २०१० सालचा मांडला होता. बहुतेक बोजा पुरवठादारांकडेच निघाला.

मुख्य भानगड कातडं कमावण्याची. बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काम झटपट उरकतं, पण सांडपाण्यात क्रोमियम उतरतं आणि ते नीट काढावं लागतं. म्हणून काही कंपन्या क्रोमविरहित पद्धतीकडे वळल्यात. आपल्याला यात नवल नाही. लक्ष्मी रोडवरून आणलेली अस्सल कोल्हापुरी नाकाशी धरा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं ते. वेळ मात्र भरपूर खातं.

न खपलेला माल हे दुसरं दुखणं. बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने २०१७-१८ मध्ये २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केला. बोंबाबोंब झाल्यावर २०१८ मध्येच ही पद्धत बंद केली. फ्रान्समध्ये आता असं करायला कायद्यानेच बंदी आहे.

कंपनी पारखायची तर दुरुस्ती करून देते का, ते आधी विचारा. महागड्या पर्स बनवणारी फ्रेंच कंपनी एर्मेस देते. आईची साधी पर्स मंडईजवळच्या काकांनी तीनदा शिवून दिली, अजून वापरात आहे.