वाचक विचारतात : डबलबारीच्या सीड्या आणि लिनक्स

प्रश्न : नमस्कार, आमच्या गावच्या डबलबारी भजनांच्या पंधरा-वीस सीड्या घरात आहेत, रेकॉर्डिंगवाल्याने तेव्हा राइट करून दिलेल्या. लॅपटॉपला लिनक्स मिंट आहे आणि बाहेरून यूएसबीचा ड्राइव्ह लावलाय. भाच्याने टर्मिनलमधून माउंट करून (म्हणजे सीडीतल्या फाइल उघडायला जोडून) बघितलं तर 'राँग एफएस टाइप', म्हणजे फाइलींची मांडणी ओळखता येत नाही, असं येतं. फाइल मॅनेजरमध्ये मात्र गाणी दिसतात, पण कॉपी मारली की मध्येच अडकतं नाहीतर कट-कट आवाज येतो. सीडी गेली की लिनक्स बिघडलं? आता काय करूचा तां सांगा. – एक वाचक, देवगड

उत्तर : लिनक्स ठीक आहे हो, आणि माउंटच्या एररला घाबरू नका, तो यायलाच हवा. ऑडिओ सीडीवर फाइल नसतातच मुळी, नुसता आवाज ओळीने लिहिलेला असतो, सेकंदाला ७५ तुकडे, मग माउंट करणार काय? फाइल मॅनेजर जी गाणी दाखवतो ती त्याने आपल्या सोयीसाठी मांडलेली असतात. एखादी सीडी माउंट झालीच तर ती बहुतेक एमपीथ्रीची डेटा सीडी आहे, ती सरळ कॉपी करून मोकळे व्हा.

बाकीच्यांसाठी सीडीपॅरानोइया टाका, ऑडिओ सीडीतला आवाज वाचून त्याची फाइल बनवणारा हा टर्मिनलमधला प्रोग्राम. आधी त्याला वजा चिन्ह आणि मोठा क्यू देऊन चालवा, ट्रॅकची यादी आली म्हणजे ड्राइव्ह आणि परवानगी दोन्ही ठीक. ड्राइव्ह सापडतच नसेल तर आपला युजर सीडीरॉम नावाच्या ग्रुपमध्ये आहे का बघा, नसेल तर घालून लॉगआउट करून परत या. आणि यूएसबीचा ड्राइव्ह हबला लावू नका, थेट लॅपटॉपला लावा, दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं घाला, करंट कमी पडला की हे ड्राइव्ह मध्येच गप होतात आणि आपण उगाच सीडीला शिव्या घालतो.

यादी आली आणि तरी अडकतंय, तर आता सीडीकडे बघा. वजा मोठा एस आणि पुढे ४ दिलं की वेग कमी होतो (सगळे ड्राइव्ह ऐकत नाहीत), वजा मोठा बी दिलं की प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल. चालू असताना स्क्रीनवर छोटे चेहरे येतात, हसरा म्हणजे मजेत चाललंय, नाराज तोंडाचा म्हणजे ओरखडा सापडला, आणि त्या नाराज चेहऱ्याच्या डोळ्यात अर्धविराम दिसला तर तिथे त्याने हात टेकले. मला हा प्रोग्राम आवडतो तो याचसाठी, फाइल मॅनेजर गुपचूप खराब फाइल देऊन जातो, हा तोंडावर सांगतो. एखाद्या गजरावर अर्धा तास घालवेल, घालवू दे.

आपल्याकडच्या दमट हवेत सीडीवर पांढरट डाग धरतात. साधं पाणी, थेंबभर भांड्याचं लिक्विड आणि मऊ सुती कापड, पण पुसायचं मधून कडेकडे सरळ, गोल गोल अजिबात नाही. ट्रॅक गोल फिरतो ना, त्याच्याबरोबरीने ओरखडा गेला की सलग डेटा जातो, आणि सीडीची दुरुस्ती सलग साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतच पोचते. आडवा ओरखडा ती सहज गिळते. छापील बाजूला मात्र जास्त जपा, आवाज त्या बाजूच्या पातळ थराखालीच असतो, तिथला पापुद्रा निघाला तर कुठलाही प्रोग्राम काही करू शकत नाही. घरी राइट केलेल्या सीडीत आवाज ज्या रंगात लिहिलेला असतो तो उन्हाने उडतो, म्हणून धुऊन अंगणात वाळत घालू नका, सावलीतच सुकवा. तरीही नाही वाचली तर कुणाकडे जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह असेल त्यात घालून बघा, एकाला न वाचलेली सीडी दुसरा वाचतो हे नेहमीचंच आहे.

फाइल फ्लॅकमध्ये ठेवा, आवाजातलं काही न गाळता फाइल लहान करणारा तो प्रकार आहे. त्यातून एमपीथ्री नंतर केव्हाही बनते, पण एमपीथ्रीत गाळलेला आवाज परत येत नाही.

प्रश्न : असंडरमध्ये (सीडीतली गाणी काढून फाइल करणारा प्रोग्राम) आमच्या दशावताराच्या सीडीला भलत्याच परदेशी अल्बमची नावं आली! सीडी बदलली गेली का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : नाही. नावं शोधायला तो ट्रॅक किती आणि किती लांबीचे यावरून एक नंबर काढतो आणि तो इंटरनेटवरच्या अल्बमच्या यादीत शोधतो, तुमच्या नाटकाचा नंबर योगायोगाने कुणाच्या तरी अल्बमशी जुळला. घरगुती सीडी त्या यादीत कुठून असणार? नावं पुसून स्वतः टाइप करा, नाटक कंपनीचं नाव, आख्यान, गाव आणि साल, आणि सालाची खात्री नसेल तर तेवढी जागा रिकामी सोडा.