ओट्स पिकलेत पण पाऊस थांबत नाहीये, अर्धं पीक आडवं झालंय, कापणी कधी आणि कशी करू?

पूर्ण वाळायची वाट बघत बसू नका. पिकलेले ओट्स पावसात उभे राहिले की दाणे गळतात, आडव्या पिकात तर जागेवरच कोंब फुटतात. दाण्यात ओलावा 18-20 टक्क्यांवर आला आणि ड्रायरची सोय असेल तर दुपारी दव सुकल्यावर जी 3-4 तासांची उघडीप मिळेल तेवढ्यात काढून घ्या.

पीक ज्या बाजूला पडलंय त्याच्या उलट किंवा तिरकं कंबाईन (कापणी-मळणी यंत्र) घाला, रील (पीक आत ओढणारं पुढचं फिरतं चाक) खाली आणि थोडी पुढे घ्या, लिफ्टर (पडलेलं पीक उचलणारे दांडे) असतील तर लावाच, आणि स्पीड अगदी कमी ठेवा कारण ओला पेंढा गुंडाळला की मळणीचा ड्रम चोक होतो आणि तो उपसण्यात अख्खी दुपार जाते. ओट्सचा दाणा हलका, म्हणून पंख्याचा वारा जास्त ठेवला तर चांगला मालही मागे उडून जातो, मशीनमागे उतरून जमीन बघत राहा.

सगळ्यात महत्त्वाचं, ओला माल रात्रभर ढीग करून ठेवू नका प्लीज, आतून तापतो आणि बुरशी धरते. लगेच पातळ पसरा, हवा खेळू द्या, साठवताना ओलावा 12-13 टक्केच हवा. बियाण्यासाठी ठेवणार असाल तर ड्रायरमध्ये दाणा 40 अंशांच्या वर तापू देऊ नका, उगवण जाते.